जुनं खोड म्हणजे किती जुनं? देवराईवरच्या संशोधनातल्या एका शब्दाबद्दल

देवराईवरचा कुठलाही प्रबंध, शोधनिबंध किंवा प्रकल्पाचा प्रस्ताव उघडा. पहिल्या चार-पाच ओळींत 'प्राचीन', 'अनादी काळापासून', 'शेकडो वर्षांपासून जपलेली' किंवा 'मानवी हस्तक्षेपापासून मुक्त' यांपैकी एक तरी शब्दप्रयोग सापडतोच. त्याच्यापुढे बहुतेक वेळा एकच संदर्भ असतो: गाडगीळ आणि वर्तक, १९७६. मग परिच्छेद बदलतो आणि प्रजातींची यादी सुरू होते.

या पोस्टमध्ये मला यादीबद्दल काही म्हणायचं नाही. याद्या चांगल्या असतात, लोकांनी घाम गाळून केलेल्या असतात. मला त्या पहिल्या चार ओळींबद्दल बोलायचंय. तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहिताय, आणि सिनॉप्सिसमध्ये सगळ्यात कमी विचार करून लिहिला जाणारा भाग म्हणजे पार्श्वभूमी. पण देवराईच्या बाबतीत पुढची सगळी पद्धत त्या पार्श्वभूमीवर उभी असते. 'ही राई प्राचीन आणि अस्पर्श आहे' असं धरलं, की आपण तिला 'कंट्रोल' मानतो. शेजारच्या राबवलेल्या जंगलाशी तिची तुलना करतो आणि दोघांतला फरक 'माणसाचा परिणाम' म्हणून छापतो. धरलेली गोष्टच कच्ची असेल, तर पुढची आकडेमोड कितीही नेटकी असो, उत्तर भलत्याच प्रश्नाचं निघतं.

आधी मूळ निबंधाकडे जाऊ. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांचा पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा लेख १९७६ साली 'इकॉनॉमिक बॉटनी'मध्ये आला. त्याआधी १९७५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये दोघांचा आणखी एक लेख आला होता, आणि त्याच्या शीर्षकातच देवराया जपत राहण्याचं आवाहन आहे. हे लक्षात ठेवा, कारण आपण पुढे जी टीका करणार आहोत ती या उद्देशाचं भान ठेवून करायची आहे. त्या काळी वनखात्याच्या लेखी देवराई म्हणजे तोडायचं राहून गेलेलं लाकूड होतं. वर्तक पुण्याच्या आघारकर संस्थेतले, म्हणजे तेव्हाच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले, मुरलेले वनस्पतिशास्त्रज्ञ होते. गाडगीळ नव्या परिसरशास्त्राची हत्यारं घेऊन आलेले. दोघांनी गावोगाव पायी फिरून दाखवून दिलं की हे भाविक लोकांचं खूळ नाही, इथे असं काही शिल्लक आहे जे आसपास कुठेच उरलेलं नाही. हे काम झालं नसतं, तर आज देवराईवर पीएचडी करता येईल असं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

आता त्यांचा वयाबद्दलचा तर्क बघा. थोडक्यात असा: राईतला देव बहुतेक वेळा देवी असते, मातृदेवता असते. तिचं ठाणं साधं, कित्येकदा उघड्यावर, तांदळा किंवा शेंदूर फासलेला दगड. हे उपासनेचं रूप शेतीपूर्व, शिकार आणि कंदमुळं गोळा करणाऱ्या समाजाशी जुळणारं आहे. म्हणून देवराईची प्रथा त्या टप्प्यापासूनची असावी. दा. ध. कोसंबींनी पुण्याच्या आसपास पायपीट करून मातृदेवतांच्या ठाण्यांची जी मांडणी केली (त्यांचं 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' १९६२ मध्ये आलं), तिच्याशी हा तर्क सहज जुळतो. तर्क म्हणून तो मला पटण्यासारखाही वाटतो.

पण तो प्रथेबद्दलचा तर्क आहे. नंतरच्या पन्नास वर्षांत आपण त्याला झाडांबद्दलचं विधान करून टाकलं. देवी जुनी, म्हणून राई जुनी, म्हणून तो दारातला बेहडा जुना, म्हणून हे जंगल मूळचं, असे तीन जिने आपण एका ढांगेत चढतो.

माझ्या मते देवराईत तीन वेगवेगळी वयं असतात, आणि ती एकमेकांपासून सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नये. प्रथेचं वय, जागेचं वय (म्हणजे त्या जमिनीवर सलग किती काळ झाडी आहे) आणि झाडाचं वय. तिन्ही एकमेकांवाचून कमी-जास्त असू शकतात. धरणात गाव गेलं आणि देव उचलून वरच्या माळावर आणला, तर प्रथा जुनी आणि जागा नवी. सह्याद्रीत धरणं काही थोडी नाहीत. राई वणव्यात किंवा वादळात झोपली आणि बुंध्यांतून पुन्हा फुटली, तर जागा जुनी आणि झाडं तरुण. आणि एखाद्या शेताच्या बांधावरच्या भल्यामोठ्या आंब्याखाली कुणी तरी शेंदूर फासला आणि भोवतीची झाडी मोकळी सोडली, तर झाड जुनं, प्रथा आणि राई दोन्ही नव्या.

इंग्लंडमध्ये हा घोळ बऱ्यापैकी सोडवला गेला आहे, म्हणून थोडं तिकडे जाऊन येऊ. तिथे 'प्राचीन वन' या शब्दाला ठरलेली व्याख्या आहे: इंग्लंड आणि वेल्समध्ये १६०० सालापासून, स्कॉटलंडमध्ये १७५० पासून, ज्या जमिनीवर सलग झाडी आहे ते. हे आकडे कुणा ऋषींनी सांगितलेले नाहीत. १६०० च्या सुमारास बऱ्यापैकी नकाशे मिळायला लागतात आणि त्याआधी मुद्दाम झाडं लावून जंगल करायची पद्धत विरळ होती. स्कॉटलंडमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यावर लष्करी सर्वेक्षणाचा नकाशा झाला. म्हणजे पुरावा जिथे सुरू होतो तिथे रेघ मारली. गंमत अशी की या व्याख्येत झाडाच्या वयाला जागाच नाही. सफकमधल्या ब्रॅडफील्ड वुड्सचं उदाहरण घ्या. तिथली झाडं तेराव्या शतकापासून ठरावीक वर्षांनी बुंध्यापाशी छाटली जाताहेत, पुन्हा फुटताहेत. आत गेलात तर बारक्या बारक्या काठ्यांचं रान दिसेल, पण ते वन प्राचीन आहे. उलट विंडसरच्या राजेशाही उद्यानात शेकडो वर्षांचे पोकळ ओक गवतात सुटे उभे आहेत. झाडं अतिवृद्ध, पण वन म्हणावं अशी सलग झाडी तिथे असेलच असं नाही. ऑलिव्हर रॅकहॅम यांनी आयुष्यभर हाच फरक लोकांच्या गळी उतरवला. ते केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ, पण काम अर्धं दफ्तरखान्यात आणि अर्धं चिखलात. जुन्या हिशोबवह्या वाचायच्या आणि मग तीच हद्द, तोच बांध, तोच खंदक पायांनी शोधत फिरायचं.

त्या सुट्या, पोकळ झाडांसाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, 'व्हेटरन' झाड. मराठीत आपल्याकडे त्याहून चांगला शब्द आयता आहे: जुनं खोड. माणसाला आपण जुनं खोड म्हणतो तेव्हा त्याचा जन्मदाखला बघत नाही, त्याने काय काय पचवलंय ते बघतो. झाडाच्या बाबतीतही तेच. ढोली, पोखरलेला गाभा, वाळलेल्या मोठ्या फांद्या, सालीच्या भेगा, बुंध्यावर उगवलेली बुरशी, खरचटून भरून आलेल्या जखमा ही सगळी जुन्या खोडाची लक्षणं. कोकणात धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते तेव्हा झाड दीडशे वर्षांचं आहे की तीनशे याच्याशी तिला देणंघेणं नसतं. तिला मावेल एवढी ढोली लागते, आणि अशी ढोली तरुण झाडात होत नाही. त्यामुळे तुमचा प्रश्न पक्षी, भुंगे किंवा बुरशीबद्दलचा असेल, तर वयाच्या मागे न लागता ही लक्षणं नोंदवा. काम पन्नास टक्के सोपं होईल आणि उत्तर जास्त खरं येईल.

पण वयच हवं असेल तर? इथे आपल्या भागातल्या संशोधनात मला सगळ्यात जास्त ढिलाई दिसते. 'सुमारे ३०० वर्षांचा आंबा' असं बिनदिक्कत छापलेलं असतं, कसं काढलं याचा पत्ता नसतो. बहुतेक वेळा घेराला टेप लावलेला असतो आणि कुठला तरी गुणक वापरलेला असतो. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन मिचेल यांचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: मोकळ्यावर वाढलेल्या झाडाचा घेर वर्षाला साधारण एक इंच वाढतो, दाटीत वाढलेल्याचा अर्धा इंच. आता छातीच्या उंचीवर ४ मीटर घेराचं झाड घ्या. ४ मीटर म्हणजे जवळपास १५७ इंच. मोकळ्यावर वाढलं असेल तर वय १५७, दाटीत वाढलं असेल तर ३१५. टेप एकच, झाड एकच आणि उत्तरात दीडशे वर्षांचा फरक. तोही तिकडच्या थंड हवेतल्या झाडांसाठीचा ठोकताळा आहे, आपल्या आंब्या-जांभळाला लावायला तो बनवलेलाच नाही. शिवाय आज दाटीत दिसणारं झाड लहानपणी मोकळ्यावर होतं की नाही, हेच तर आपल्याला शोधायचं असतं. आडव्या पसरलेल्या जाड खालच्या फांद्या असतील तर ते बहुधा उजेडात वाढलंय, आणि मग भोवतीची राई त्याच्या नंतरची आहे. एक झाड नीट बघितलं तर 'मूळचं जंगल' हा दावा असा डळमळू शकतो.

कड्या मोजाव्यात म्हटलं, तर सागाच्या कड्या सुरेख असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळच्या सागावरून ५२३ वर्षांची मालिका बांधली, २०१० मध्ये ती छापून आली. पण सागाची पानं झडतात, त्याची वाढ दर वर्षी थांबते. सदाहरित किंवा निमसदाहरित राईतल्या जांभूळ, अंजनी, पारजांभूळ यांच्याकडून तेवढ्या स्पष्ट वार्षिक कड्यांची अपेक्षा धरू नका. आणि खरोखर जुन्या खोडाचा गाभाच कुजून गेलेला असतो, म्हणजे ज्या कड्यांत त्याचं बालपण लिहिलेलं होतं त्याच गायब. राहिला कार्बन-१४. तिथे निसर्गाने आपली चांगलीच थट्टा केली आहे. साधारण १६५० ते १९५० या काळात वातावरणातला कार्बन-१४ असा वर-खाली झालाय, की एकाच मोजमापाला दोन-तीन वेगवेगळे कालखंड जुळतात. नेमके आपल्याला हवे असलेले तीनशे वर्षं! झाडाच्या आत-बाहेरचे अनेक नमुने क्रमाने घेतले तर मार्ग निघतो, पण त्याचा खर्च फेलोशिपच्या कंटिन्जन्सीत बसत नाही. आणि देवाच्या झाडाला गिरमिट लावायचं का, हा प्रश्न उरतोच. गावाने नाही म्हटलं तर लावायचं नाही. इथे तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीच्या आधी गावाची बैठक येते.

त्यामुळे मी तरी सध्या लोकांना विचारण्यावर भर देते, फक्त प्रश्न बदलून. 'ही राई किती जुनी?' या प्रश्नाला एकच उत्तर येतं: "माझ्या आज्याच्या पण आज्यापासून." ते खोटं नसतं, पण आठवणीची पोच आज्याच्या आज्यापर्यंत असते, त्यापलीकडे सगळं 'पूर्वीपासून' होतं. याउलट कोणतं झाड कधी पडलं ते विचारून बघा. मुळशी भागातल्या एका राईत गुरवमामांना आम्ही हेच विचारलं. त्यांनी क्षणभर डोकं खाजवलं आणि धडाधड सांगायला लागले. "ही जांभळ पानशेत फुटलं ना, त्या पावसाळ्यात पडली. तो ऐन दुष्काळात वाळला. हितं मोठा आंबा व्हता, तो कोयनेच्या धक्क्यानंतर कलला, मग दोन वर्सांनी गेला." म्हणजे १९६१, १९७२, १९६७. एका तासात राईतल्या मोठ्या खिंडारांचा साठ वर्षांचा अंदाजे पट मिळाला. मग त्या खिंडारांत आज जी झाडं उभी आहेत त्यांचं कमाल वय आपल्याला कळतं, आणि घेर मोजला की त्या जातीचा, त्या राईतला वाढीचा दरही हाती येतो. परदेशी ठोकताळ्यापेक्षा हे शंभरपट बरं.

आता चालण्याबद्दल. देवराईत शिरलं की पहिल्या दहा पावलांत हवा बदलते. पायाखाली पाचोळ्याचा गादीसारखा थर, वर मांडीएवढ्या जाड गारंबीचे विळखे, उन्हाचे कवडसे. मान आपोआप वर जाते. हा अनुभव खरा आहे, तो यावा म्हणून जरूर जा. पण संशोधक म्हणून त्याच्यावर जरा संशय घ्या. आपण कुठून चालतो? गावातून देवळाकडे जाणाऱ्या पायवाटेने. ती वाट राईतल्या सगळ्यात मोठ्या, सगळ्यात देखण्या झाडांजवळून जाते, कारण देव तिथेच असतो. तिथलीच झाडं लोकांनी सगळ्यात जास्त राखलेली असतात. आपला ट्रान्सेक्ट त्याच वाटेला समांतर टाकला, की सरासरी घेर फुगतो. राईच्या पाठीमागच्या उताराला, जिथे गुरं शिरतात आणि पावसाळ्यात जळवा, तिथे कुणी प्लॉट टाकत नाही. बऱ्याच निबंधांत प्लॉटच्या जागा कशा निवडल्या याबद्दल अवाक्षर नसतं. परीक्षक म्हणून मला एकच प्रश्न विचारायची मुभा असती, तर मी तोच विचारला असता.

आणि मान वर गेली की खाली बघायचं राहतं. जुन्या खोडाच्या भोवती त्याच जातीची रोपं आहेत का? गुडघ्याएवढी? पुरुषभर उंचीची? मनगटाएवढ्या जाडीची? या मधल्या पिढ्या नसतील, तर ती राई म्हणजे वृद्धाश्रम आहे. झाडं भव्य, पण पुढे कोणी नाही. प्रजातींच्या यादीत हे दिसत नाही, कारण यादीत एक झाड असलं काय आणि शंभर असली काय, नाव एकदाच येतं.

इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळावर विस्टमन्स वुड नावाची छोटीशी राई आहे. ग्रॅनाइटच्या धोंड्यांमधून वाकडेतिकडे, खुजे ओक, सगळ्यांवर शेवाळाची आणि दगडफुलांची झूल. ती बघून 'आदिम अरण्याचा शेवटचा तुकडा' हे शब्द आपसूक तोंडात येतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते लिहिलेही. १८६०च्या दशकात तिथला जेमतेम वीतभर जाडीचा एक ओक रीतसर परवानगी काढून तोडला आणि कड्या मोजल्या. वय दीडशेच्या वर निघालं. म्हणजे बारीक झाडही चांगलं वयस्कर असू शकतं, हा घेरवाल्यांना धडा. पण दुसरा धडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जुनी छायाचित्रं आणि आजची राई शेजारी ठेवली, तेव्हा दिसलं की विसाव्या शतकात ती राई बरीच पसरली आणि झाडं उंच झाली. 'काळ थांबलेली' म्हणून गाजलेली राई लोकांच्या डोळ्यांदेखत बदलत होती. आता तिथे येणाऱ्यांना राईच्या आत न शिरता कडेने चालायची विनंती करतात, कारण हजारो पायांनी शेवाळ आणि रोपं तुडवली जातात. आपल्याकडे शनिवार-रविवारी 'देवराई ट्रेक' निघायला लागलेत. पाचोळ्याचा तो गादीसारखा थर बूट घातलेल्या चाळीस जणांच्या दोन फेऱ्यांत कसा दिसतो, हे मोजायला एक पट्टी पुरते. छोटा पण छापण्यासारखा विषय आहे, कुणाला हवा असेल तर घ्या.

'हस्तक्षेपापासून मुक्त' या शब्दांकडे वळू. याला छेद देणारा पुरावा देवराईच्या साहित्यातच विखुरलेला आहे, आपण तो सोयीने दुसऱ्या प्रकरणात ठेवतो. गारंबीची साल गुरांच्या औषधाला न्यायला दूरदूरहून लोक राईत येत, ही नोंद गाडगीळ-वर्तकांच्याच कामातली. मावळातल्या आजिवलीची राई भेरली माडासाठी प्रसिद्ध आहे. त्यांची माडी-नीरा काढली जाते, त्यातून गावाला उत्पन्न मिळतं. देवळाच्या दुरुस्तीला लाकूड हवं असेल तर देवाला कौल लावतात; उजवा दिला तर झाड उतरतं. रिच फ्रीमन यांनी १९९९ मध्ये केरळच्या कावांवर लिहिताना हाच मुद्दा फार धारदारपणे मांडला: राखलेली झाडी ही देवाची मालमत्ता होती, तिच्यावर हक्क आणि वापराचे नियम होते, 'निसर्ग जपायचा' ही आपली आजची कल्पना आपण त्यांच्यावर लादतो. हा निबंध मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला देते. फक्त एक सावधगिरी: तो उत्तर मलबारच्या तेय्यम परंपरेतून आलेला आहे. तिथले जमीनदारीचे संबंध आणि मुळशी-वेल्ह्याच्या गावकीचे संबंध एक नाहीत. 'गाडगीळ-वर्तक १९७६' असं डोळे मिटून लिहिणं आणि 'फ्रीमन १९९९' असं डोळे मिटून लिहिणं, दोन्ही सारखंच.

जाता जाता आणखी एका आवडत्या संदर्भाबद्दल. देवराईवरच्या मराठी लेखांत रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखलं जाणारं 'आज्ञापत्र' हमखास येतं. त्यातला झाडांचा उतारा खरोखर वाचनीय आहे, पण तो आरमाराच्या लाकडाबद्दलचा आहे, रयतेने लेकरांसारख्या वाढवलेल्या आंब्या-फणसांना हात लावू नये याबद्दलचा. त्यात देवराई नाही. उलट एखादं झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन ते तोडायची मुभा आहे. म्हणजे जुन्या खोडांना त्यात संरक्षण नाही, सवलतीने निरोप आहे! मूळ पान उघडून बघितलं असतं, तर हा संदर्भ निम्म्या लेखांत आला नसता.

आकड्यांचंही तसंच. भारतात नोंदवलेल्या देवराया १३,७२० (२००१ चं संकलन), आणि अंदाज मात्र एक ते दीड लाखाचा. दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात गुण्यागोविंदाने नांदतात. नोंद आणि अंदाज यांत दहापट तफावत आहे, म्हणजे देवराई कशाला म्हणायचं यावरच एकमत नाही, असं कुणी तरी लिहायला हवं ना?

यात नुसतं शब्दांचं भांडण नाही. 'प्राचीन आणि अस्पर्श' ही कसोटी लावली, की तीत न बसणाऱ्या राया याद्यांमधून गळतात. जिथून लोक हिरडा गोळा करतात, जिथे माडी काढतात, जिथे एकदा तोड होऊन झाडी परत आली, त्या सगळ्या 'बिघडलेल्या' ठरतात. बिघडलेल्या जागेवर पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटचा सभामंडप टाकायला कोणाची हरकत नसते. दुसरीकडे, यादीत बसलेल्या राईत पिढ्यान्‌पिढ्या हिरडा वेचणारी बाई अचानक 'हस्तक्षेप' होऊन बसते. गाडगीळांनी सांगितलेली श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची गोष्ट मला इथे आठवते. काळकाईची राई तुटू नये म्हणून गावकऱ्यांनीच त्यांना गळ घातली होती, कारण गावाचा बारमाही झरा त्या राईवर अवलंबून होता. राई किती हजार वर्षांची आहे, हा मुद्दा त्यांच्या बोलण्याच्या मध्यभागी नव्हता. आपल्या प्रबंधांच्या प्रस्तावनेत मात्र हजारो वर्षं पहिल्या ओळीत येतात आणि झरा शेवटच्या प्रकरणात, 'परिसंस्थेच्या सेवा' या मथळ्याखाली.

मग सिनॉप्सिसमध्ये लिहायचं काय? आपली १६०० सालासारखी रेघ आपल्याला आपल्या पुराव्यावर मारावी लागेल. एकोणिसाव्या शतकातल्या जमीन-मोजणीचे गावनकाशे आहेत. पण ते सारा वसुलीसाठी केलेले, त्यामुळे राई कधी इनामात दडलेली असते, कधी पोटखराब्यात, कधी सरकारी वनात. सातबारा आणि जुने फेरफार काढावे लागतात, मोडी वाचणारं कुणी तरी सोबत लागतं. १९६०-७० च्या दशकांतली अमेरिकी 'कोरोना' उपग्रहाची हेरगिरीची छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली, त्यांत सह्याद्रीतल्या छोट्या रायाही ओळखू येऊ शकतात. एवढा पुरावा जमवूनही तुमचं वाक्य छोटंच होईल. काहीसं असं: 'या जागेवर १९६० च्या दशकात दाट छत्र होतं, एकोणिसाव्या शतकातल्या गावनकाशात हा तुकडा लागवडीबाहेर दाखवलेला आहे, त्याआधीच्या झाडीबद्दल थेट पुरावा नाही, गावाच्या आठवणीत गेल्या साठ वर्षांत सात मोठी झाडं पडली.' यात 'प्राचीन' कुठेच नाही, आणि तरी यातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुणाला जाऊन तपासता येईल.

घेराची वाढ मोजणारी डेंड्रोमीटर पट्टी पत्र्याची पट्टी आणि स्प्रिंग वापरून स्वस्तात बनवता येते, आणि तिच्यासाठी झाडाला भोक पाडावं लागत नाही. ती कशी बनवायची आणि गुरवमामांनी ती झाडाला बांधू द्यायच्या आधी आम्हाला काय काय विचारलं, ते पुढच्या पोस्टमध्ये.